जपानने खरंच ‘परंपरा जपून’ आधुनिकता आणली का?

एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: “जपानने पाश्चात्त्यांकडून फक्त तंत्रज्ञान घेतलं, संस्कृती मात्र जशीच्या तशी सांभाळली, असं आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. हे खरं आहे का? परकीय आल्यामुळे तिथला जुना समाज नेमका कसा बदलला? आणि त्यांना जमलं ते आपल्याला का नाही जमलं?” हा मुलगा लवकरच नोकरीसाठी नागोयाला चालला आहे. मी पुण्यात जपानी भाषा शिकवते, कारखान्यांमध्ये दुभाषाचं कामही करते, आणि हा प्रश्न दर बॅचमध्ये या ना त्या रूपात येतोच. म्हणून या वेळी जरा सवडीने लिहिते.

तू ऐकलंस ते अर्धंच खरं आहे. तंत्रज्ञान घेतलं, हे खरं. संस्कृती जशीच्या तशी राहिली, हे मात्र नाही. आज आपण जिच्याकडे ‘हजारो वर्षांची जपानी परंपरा’ म्हणून कौतुकाने बघतो, तिच्यातला मोठा भाग १८६८ च्या सत्तांतरानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत सरकारने निवडला, घासूनपुसून नवा केला आणि कायद्यातून, शाळेतून, सैन्यातून लोकांच्या अंगवळणी पाडला. त्यात वेळ पाळणं आलं, लग्नाचे विधी आले, नवराबायकोचं आडनावसुद्धा आलं. तिथे राहायला जाणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात १८५३ च्या अमेरिकन जहाजांपासून करायची पद्धत आहे, पण परकीय त्याच्या तीनशे वर्षं आधी येऊन गेले होते, आणि तेही गोव्याच्या वाटेने. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले. त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुका तिथल्या सरदाराने विकत घेतल्या, लोहारांनी त्या उघडून, मोजून तशाच घडवल्या, आणि १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाने ताकेदा घराण्याच्या नावाजलेल्या घोडदळाची त्या बंदुकांनी दाणादाण उडवली. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक माणूस खून करून पळाला होता. तो मलाक्यात फ्रान्सिस झेवियरला भेटला, १५४८ मध्ये गोव्यात त्याने बाप्तिस्मा घेतला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला आणि पुढच्याच वर्षी झेवियरला घेऊन स्वतःच्या गावी उतरला. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये ज्याचं शव ठेवलं आहे, तोच हा झेवियर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जपानात तीन लाखांच्या आसपास ख्रिस्ती झाले होते.

मग सत्ताधाऱ्यांना भीती वाटू लागली. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने १५८७ मध्ये पाद्र्यांना हद्दपारीचा हुकूम काढला, १५९७ मध्ये नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, १६१४ मध्ये तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांनी, देशभर धर्मावर बंदी घातली. १६३७-३८ मध्ये शिमाबारात शेतकऱ्यांचं बंड झालं. त्यात जास्त करून ख्रिस्ती होते, आणि ते चिरडल्यावर १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमचं हाकललं. हा भाग सगळ्या पुस्तकांत असतो. यातून समाजात काय बदललं, ते मात्र सहसा सुटून जातं. ‘आमच्या घरात कोणी ख्रिस्ती नाही’ हे सिद्ध करायला प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवावं लागलं, आणि त्या मंदिराने तसा दाखला द्यायचा. आज जपानी माणूस सांगतो ना, ‘आमच्या घरची अंत्यविधीची मंदिरं ठरलेली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेच भिक्षू येतात’, ते नातं घट्ट झालं ते या नोंदणीमुळे. म्हणजे परकीयांना बाहेर काढतानासुद्धा त्यांच्या येण्याने घराघरातला धर्म बदलून टाकला.

दारं बंद झाली म्हणतात, तीही पूर्ण बंद नव्हती. नागासाकीत डच आणि चिनी, त्सुशिमामार्गे कोरिया, सात्सुमामार्गे र्‍यूक्यू बेटं आणि मात्सुमाएमार्गे उत्तरेतले आयनू आदिवासी, अशा चार खिडक्या उघड्या होत्या. डचांना १६४१ पासून देजिमा नावाच्या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर कोंडलं होतं. दरवर्षी जहाज आलं की जगात काय चाललंय याचा अहवाल त्यांना सरकारला द्यावा लागे. १७२० मध्ये धर्माशी संबंध नसलेली पाश्चात्त्य पुस्तकं आणायला सूट मिळाली. त्याचं फळ पाहायचं असेल तर १७७१ सालच्या एदोतल्या (आजच्या तोक्योतल्या) कोझुकाप्पारा या वधस्थळी जाऊ. सुगिता गेनपाकु आणि माएनो र्‍योताकु हे वैद्य हातात शरीररचनेचं डच पुस्तक घेऊन एका देहदंड दिलेल्या बाईच्या शवाचं विच्छेदन बघायला उभे होते. कापणारा होता अस्पृश्य मानलेल्या समाजातला म्हातारा, कारण शवाला हात लावणं उच्चवर्णीयांना निषिद्ध. तो एकेक अवयव काढून दाखवत गेला आणि तो पुस्तकातल्या चित्राशी जुळत गेला. चिनी ग्रंथांतल्या आकृत्यांशी जुळला नाही. हे दोघे दुसऱ्याच दिवशी मित्रांसह भाषांतराला बसले. धड शब्दकोश हाताशी नसताना त्यांनी १७७४ मध्ये ते पुस्तक छापून काढलं. शास्त्र चुकीचं निघालं तर ते बाजूला ठेवायचं, ही सवय १८६८ च्या मेजी राजवटीच्या शंभर वर्षं आधी शिकलेल्या वर्गात मुरायला लागली होती. पुढची घाई त्यांना झेपली, त्यामागे हेही एक कारण आहे.

१८५३ च्या जुलैत अमेरिकन नौदलाचा कमोडोर पेरी चार जहाजं घेऊन उरागापाशी आला, पुढच्या वर्षी परत आला आणि करार करून गेला. खरा घाव बसला तो १८५८ च्या करारांनी. परदेशी माणसाने जपानात गुन्हा केला तर त्याचा न्याय त्याच्याच देशाचा वाणिज्यदूत करणार, आणि आयात-निर्यातीवर किती जकात लावायची हे जपान एकट्याने ठरवू शकणार नाही, अशी ती कलमं. १८५९ मध्ये योकोहामा बंदर उघडलं आणि सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत परिणाम पोचला. जपानात सोनं आणि चांदी यांचा विनिमय साधारण एकास पाच होता, बाहेरच्या जगात एकास पंधरा. परदेशी व्यापारी चांदी घेऊन यायचे, सोनं उचलायचे आणि शांघायला जाऊन तिप्पट करायचे. सरकारने १८६० मध्ये नाण्यातलं सोनं कमी केलं, तशी महागाई भडकली. कच्चं रेशीम सगळं बंदराकडे पळालं आणि क्योतोच्या निशिजिनमधल्या विणकरांचे माग बसले. ‘परक्यांना हाकला’ ही हाक नुसत्या अभिमानातून आलेली नव्हती, तिच्यामागे महागलेला तांदूळ होता. मग सात्सुमा आणि चोशू या सरंजामांनी लढून बघितलं. १८६३ मध्ये ब्रिटिश नौदलाने कागोशिमावर तोफा डागल्या, १८६४ मध्ये चार देशांच्या आरमाराने शिमोनोसेकीचा तोफखाना मोडून काढला. त्याच काळात त्यांनी एकीकडे इंग्लंडला चोरून विद्यार्थी पाठवले, दुसरीकडे शोगुनची सत्ता उलथवली. १८६८ मध्ये मेजी सरकार आलं ते असं. परकीयांना हाकलायची घोषणा देत सत्तेवर आलेल्यांनीच देश परकीय पद्धतीने उभा करायला घेतला.

आता वेळेचं बघू, कारण तुला तिथे पहिल्या दिवशी हीच गोष्ट जाणवणार आहे. जपानी माणसाचा वक्तशीरपणा हा त्यांच्या रक्तातच आहे, असं आपण समजतो. १८५७ मध्ये नागासाकीच्या नौदल प्रशिक्षणासाठी आलेला डच अधिकारी काटेनडाइके याने आपल्या आठवणींत वैतागून लिहिलं आहे की या लोकांचा संथपणा थक्क करणारा आहे, माल वेळेवर येत नाही, कारागीर एकदा येतो तो पुन्हा फिरकत नाही. यात त्यांचा दोष नव्हता. जुन्या पद्धतीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग असत. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे, हिवाळ्यात आखडे. देवळाच्या घंटेवर गाव चाले. मिनिट ही गोष्ट कोणाला लागतच नव्हती.

१८७२ च्या ऑक्टोबरात शिंबाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली. २९ किलोमीटर, ५३ मिनिटं. ज्या रस्त्याला चालत जवळजवळ अख्खा दिवस जाई, त्याचं हे गणित. गाडी थांबत नाही, आधी येऊन बसा, असं प्रवाशांना बजावून सांगावं लागलं. त्यानंतर सरकारने एक अजब गोष्ट केली. जुनं चांद्र-सौर पंचांग रद्द करून मेजी पाचव्या वर्षाच्या बाराव्या महिन्याची तिसरी तारीख हीच १ जानेवारी १८७३ ठरवली. लोकांना जेमतेम तीन आठवडे आधी कळलं. पुढच्या वर्षाची छापलेली पंचांगं रद्दी झाली. अर्थमंत्रालय सांभाळणाऱ्या ओकुमा शिगेनोबुने नंतर यामागचं एक कारण उघडच सांगितलं: जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या वर्षात अधिक महिना होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते. नव्या पंचांगाने तो महिना वाचला, शिवाय दोन दिवसांतच संपलेल्या बाराव्या महिन्याचा पगारही.

आपल्याकडे अधिक मास सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून याचा पुढचा परिणाम मराठी माणसाला चटकन कळेल. सण ऋतूंपासून सुटे झाले. सातव्या महिन्याच्या सप्तमीला दोन तारे आकाशगंगेच्या काठी भेटतात, तो तानाबाता. नव्या तारखेने तो ७ जुलैला, ऐन पावसात येऊ लागला, तारे दिसायचेच बंद. सेंदाईने तो ऑगस्टमध्ये ठेवला. पितरांचा ओबोन तोक्योत जुलैत, बाकी बहुतेक देशात ऑगस्टच्या मध्यात, आणि ओकिनावात अजून जुन्या पंचांगाने. ३ मार्चच्या बाहुल्यांच्या सणाला पीच फुलांचा सण म्हणतात, पण पीच तेव्हा फुललेलाच नसतो. नववर्ष तर कोरिया, चीन, व्हिएतनाम यांच्यापासून तुटून थेट १ जानेवारीला गेलं. आज जपानमधला कोणीही माणूस १ जानेवारीला देवळात जाणं ही प्राचीन रूढ समजतो. लांबच्या मोठ्या देवळात जाण्याची टूम तर रेल्वे कंपन्यांच्या जाहिरातींनी वाढवली.

सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी १८७६ मध्ये मिळाली. वक्तशीरपणा शाळेच्या घंटेने, छावणीच्या बिगुलाने आणि गिरणीच्या भोंग्याने शिकवला, आणि शिकवायला दोन पिढ्या लागल्या.

गिरणीचं निघालं तर तोमिओकाबद्दल थोडं थांबून सांगते. गुन्मा प्रांतातली ही सरकारी रेशीम गिरणी १८७२ मध्ये सुरू झाली. पॉल ब्रुना नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाने यंत्रं आणली, कोषांतून धागा काढणारी ३०० पात्रं एका लांबलचक विटांच्या इमारतीत मांडली. अडचण एकच: कामाला मुली येईनात. फ्रेंच लोक लाल दारू पितात हे बघून गावोगाव बातमी पसरली की ते मुलींचं रक्त पितात. शेवटी गिरणीचा प्रमुख ओदाका आत्सुतादा याने स्वतःची मुलगी यू हिला आधी कामावर घेतलं. मात्सुशिरोतल्या एका सामुराई अधिकाऱ्याने आपली मुलगी एई पाठवली, तीही अशीच गावापुढे उदाहरण म्हणून. या एईने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या. कामात चढाओढ, पहिल्या दर्जाची कामगार होण्याची धडपड, फ्रेंच बायकांचे कपडे, यंत्र बघून वाटलेलं आश्चर्य, हे सगळं तिने मन लावून लिहिलं आहे. तिला तिथे काम करण्यात देशाची सेवा वाटत होती. रोजचं काम आठ तासांच्या आत, रविवार सुट्टी, वैद्याची सोय. ती गावी परतली आणि तिथल्या नव्या गिरणीत शिक्षिका झाली.

पण तोमिओका हा नमुना होता, पुढचा धंदा तसा चालला नाही. सुवा तळ्याकाठच्या ओकायात खासगी गिरण्या उठल्या, तिथे सामुराईंच्या लेकी नव्हत्या. हिदाच्या डोंगरांतल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुली नोमुगीची बर्फाळ खिंड पायी ओलांडून येत. करारावर सही बापाची, उचलही बापाने घेतलेली. दिवसाला १३-१४ तास काम, धाग्याचा दर्जा घसरला की दंड, आणि क्षय झाला की घरी रवानगी. १९०९ च्या सुमारास जपान चीनला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा कच्च्या रेशमाचा निर्यातदार झाला. ज्या युद्धनौका आणि यंत्रांचं आपण कौतुक करतो, त्यांच्या परकीय चलनाचा मोठा हिस्सा या मुलींच्या बोटांतून आला. कारखाना कायदा १९११ मध्ये झाला आणि लागू व्हायला १९१६ उजाडलं. जपानच्या आधुनिकतेबद्दल बोलताना मी पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यापेक्षा या मुलींचं नाव आधी घेते, आणि वर्गातही तसंच शिकवते.

गावाकडे हे सगळं गुण्यागोविंदाने झालं, असाही समज नको. १८७१ मध्ये सरंजाम मोडून प्रांत केले, १८७२ मध्ये सक्तीचं शिक्षण आलं, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के रोख कर. पूर्वी पीक बुडालं की कर कमी व्हायचा, आता पैसा मोजायचाच. लष्करभरतीच्या जाहीरनाम्यात ‘रक्ताचा कर’ असे शब्द होते आणि लोकांनी त्यांचा अर्थ शब्दशः घेतला. दंगे झाले, शाळा जाळल्या गेल्या, कारण शाळेची फी पालकांनी भरायची आणि राबणारं पोर मात्र घरातून जायचं. १८७१ मध्येच अस्पृश्य समाजांना कागदावर बरोबरीचा दर्जा मिळाला होता. १८७३ च्या मिमासाकाच्या दंग्यात शेतकऱ्यांनी त्यांच्याच वस्त्यांवर हल्ले केले, घरं पेटवली, माणसं मारली. कागदावरच्या समतेनंतर त्यांना स्वतःची संघटना, सुइहेइशा, उभी करायला १९२२ उजाडलं. लग्न आणि नोकरीच्या वेळी गाव कोणतं ही चौकशी त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. करविरोधी दंगे १८७६ मध्ये इतके पेटले की पुढच्या वर्षी सरकारला कर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. तरी १८८० च्या दशकातल्या मंदीत लाखो शेतकरी जमीन गमावून कुळं झाले.

सामुराईंचं लवकर आटोपलं. तनखे रोख्यांत बदलले, १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, आणि १८७७ मध्ये साइगो ताकामोरीच्या बंडखोर सामुराईंना शेतकऱ्यांच्या पोरांच्या भरतीच्या सैन्याने हरवलं. वर्ग म्हणून ते संपले. त्यांचं कुटुंबाचं वळण मात्र त्यानंतरच देशभर लादलं गेलं, आणि मला वाटतं सगळ्यात खोल बदल हाच आहे.

जुन्या जपानात शेतकरी, कोळी, दुकानदार यांच्या घरांत एकच रीत नव्हती. नैऋत्येकडे काही भागांत धाकटा मुलगा घर सांभाळायचा, ईशान्येला काही ठिकाणी मुलगी असो की मुलगा, पहिलं मूल घराचं वारस. घटस्फोट सर्रास होत आणि बायका पुन्हा लग्न करत. मेजीच्या सुरुवातीला जपानचा घटस्फोटाचा दर जगातल्या मोठ्या दरांपैकी होता. १८९८ च्या नागरी कायद्याने सामुराई घराण्याचा साचा उचलला आणि सगळ्यांवर घातला: घराला एक प्रमुख, वारसा थोरल्या मुलाकडे, लग्नाला प्रमुखाची संमती, विवाहित बाईला स्वतःच्या मिळकतीचे व्यवहार नवऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. घटस्फोटाचा आकडा त्यानंतर झपाट्याने उतरला. आडनाव तर सामान्य लोकांना १८७० पर्यंत लावायची मुभाच नव्हती, १८७५ मध्ये ते सक्तीचं झालं. १८७६ च्या सरकारी हुकुमाप्रमाणे लग्नानंतरही बाईने माहेरचंच आडनाव लावायचं होतं. नवराबायकोचं आडनाव एकच हवं, हा नियम १८९८ चा. म्हणजे आज तिथले पुढारी ज्याला कुटुंबाची प्राचीन परंपरा म्हणतात ती माझ्या पणजोबांच्या पिढीतली आहे.

लग्नाच्या विधीचंही तसंच. पूर्वी लग्न घरीच होई, नातेवाइकांसमोर साकेच्या पेल्यांची देवाणघेवाण, पुजारी नाही. १९०० मध्ये युवराज योशिहितोचं लग्न राजवाड्यातल्या देवस्थानासमोर झालं, मग तोक्योतल्या एका देवळाने त्याच धर्तीवर सर्वसामान्यांसाठी विधी बसवला. देवळाच्या अंगणातून पांढऱ्या किमोनोतली नवरी चाललेली आहे, असे जे फोटो आपण पाहतो, ते या विधीचे. मुळात शिंतो (जपानचा स्वतःचा देवदेवतांचा धर्म) आणि बौद्ध ही दोन वेगळी घरं सामान्य माणसाला माहीतच नव्हती. १८६८ मध्ये सरकारने हुकमाने ती वेगळी केली, आणि त्या लाटेत कितीतरी बौद्ध मूर्ती फुटल्या, मंदिरं ओस पडली. क्योतोत पडद्याआड राहणारा सम्राट गावोगाव फिरवला गेला, शाळाशाळांत त्याची तसबीर लागली, आणि १८९० च्या शिक्षणविषयक राजाज्ञेपुढे मुलं मान झुकवू लागली. या भक्तीने पुढे काय करून घेतलं ते १९४५ पर्यंतचा इतिहास सांगतो. उत्तरेत आयनूंची जमीन, शिकार, मासेमारी सगळं सरकारकडे गेलं. १८९९ चा त्यांच्या ‘संरक्षणाचा’ कायदा त्यांना शेतकरी आणि जपानी बनवण्यासाठी होता. आदिवासी म्हणून त्यांना कायद्याने मान्यता मिळायला २०१९ साल उजाडलं.

या घडवलेल्या परंपरेचा एक धागा थेट महाराष्ट्रात आला आहे. १८९९ पासून सरकारने मुलींच्या माध्यमिक शाळांसाठी ‘चांगली पत्नी, शहाणी आई’ हे ध्येय ठेवलं. शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या बाईला हे शब्द परकेच होते. १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी तोक्योत स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. मुलगी आधी माणूस, मग स्त्री, मग नागरिक, असा त्यांचा क्रम होता. त्या विद्यापीठाची माहितीपत्रिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं, तेच पुढचं एसएनडीटी. स्वतंत्र अभ्यासक्रम, मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाशी निगडित विषय यांचा आग्रह कर्व्यांनी धरला, त्यात तोक्योच्या नमुन्याची छाप दिसते. त्यातल्या मर्यादांवर वाद घालता येतो, पण त्याने हजारो मुली शिकल्या, हे मी कृतज्ञतेने सांगते. माझ्या आईचं शिक्षण त्याच विद्यापीठातलं.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आपल्याला का नाही जमलं. त्याचं उत्तर स्वभावात शोधू नकोस. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, तेव्हा पेरी उरागाला पोचायला जवळजवळ तीन महिने होते. जपानची पहिली गाडी आपल्यानंतर १९ वर्षांनी आली. तीही इंग्रज अभियंत्यांनी, लंडनहून उचललेल्या कर्जावर बांधली. पण भारतातल्या मार्गांचे निर्णय आणि भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी हे सगळं लंडनला ठरत होतं आणि त्याचा भार इथल्या महसुलावर पडत होता. जपानात ठरवणारे जपानी होते. परदेशी तज्ज्ञांना भरमसाट पगार देऊन ठेवायचं, त्यांच्या हाताखाली आपली माणसं शिकवायची आणि करार संपला की निरोप द्यायचा, हे धोरण त्यांना राबवता आलं. १८८० मध्ये क्योतो-ओत्सु मार्गावरचा बोगदा परदेशी अभियंत्याशिवाय खणला गेला. आपल्याकडे हुशार माणसांची वाण नव्हती, सही करायचा अधिकार नव्हता. शिवाय तिथे एदो काळापासून गावोगावच्या पाठशाळांमुळे साक्षरता बरीच होती, नवी शाळा कोऱ्या पाटीवर उभी राहिली नाही. आणि या सगळ्यामागे एक ध्यास होता: ते अपमानकारक करार बदलून घ्यायचे. नवे कायदे, न्यायालयं, रोकुमेइकान या सरकारी मेजवानीगृहातले पाश्चात्त्य नाच, सगळं त्यासाठीच. परदेशी माणसांवरचा न्यायाधिकार १८९९ मध्ये परत मिळाला, जकातीचा अधिकार १९११ मध्ये. दरम्यान त्यांनी स्वतः कोरियावर तसेच करार लादले आणि १९१० मध्ये तो देश गिळला. जपानच्या यशाचं कौतुक करताना हे सोडून देणं मला मान्य नाही.

१९४७ मध्ये नवी राज्यघटना आणि नवा नागरी कायदा आला. घराचा प्रमुख गेला, थोरल्या मुलाचा एकट्याचा वारसा गेला, स्त्रीपुरुषांना बरोबरीचे हक्क मिळाले. नवराबायकोचं आडनाव एकच, हे कलम मात्र राहिलं. कोणाचं ते दोघांनी ठरवायचं असतं, पण सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचंच घेतात. २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरून आहे असं म्हटलं, वाद अजून चालू आहे. नागोयाच्या कचेरीत तुझ्या सहकारी बाईचं ईमेलवरचं आडनाव एक आणि प्रवासाच्या तिकिटावरचं दुसरं दिसलं तर गोंधळू नकोस, आणि तिला मुद्दाम विचारूही नकोस. ती माहेरचं नाव कामापुरतं वापरते आहे. ईमेलमधल्याच नावाने तिला हाक मार, आणि व्हिसाच्या किंवा पगाराच्या कागदांवर मात्र पासपोर्टवरचं नाव तपासून घे.